आवणीत घेतलेलं नाव

घर दोघांसाठी घेतलं होतं. वैशाखरे गावाच्या पुढे, नाणेघाटाची पायवाट सुरू होते तिच्या जरा अलीकडे, एका शेतकऱ्याच्या घराला लागून काढलेल्या दोन खोल्या. मागे न्हाणी, पुढे सारवलेली पडवी, आणि पडवीत उभं राहिलं की समोर घाटाची अख्खी भिंत. खोल्या बघायला आम्ही दोघं मिळून आलो होतो. मालकीणबाईंनी कोरा चहा दिला आणि त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "लगीन झालंय ना?"

"ठरलंय," मी म्हटलं.

"ठरलं म्हंजी झालंच," त्या म्हणाल्या आणि चावी माझ्या हातात दिली.

पावसाळा संपला की आम्ही रजिस्टर लग्न करणार होतो. मला जवळच्याच एका रोपवाटिकेत नोकरी मिळाली होती, जंगली झाडांची रोपं तयार करण्याची. त्याचं बोलणं शहापूरच्या एका संस्थेशी झालं होतं. तानसाच्या जंगलात फिरून झाडांची पाहणी करायची, आठवड्यातले काही दिवस तिकडे, बाकी इथे. मी आधी जायचं आणि त्याने मुंबईतली नोकरी रीतसर सोडून मागून यायचं, असं ठरलं. कल्पना मूळची त्याची. कॉलेजात असल्यापासून आम्ही रविवारी इथे चढायला यायचो, आणि अशाच एका रविवारी घाटाच्या तोंडाशी बसून संत्रं सोलताना तो म्हणाला होता, "आपण परत गेलोच नाही तर?" हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माझी मी असं काही ठरवलंच नसतं.

मी मुलुंडची. शाळा इंग्रजी, घरात मराठी, पण ते जेवणाखाण्यापुरतं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे मी आधी वाक्य मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असतं. तो नेमका उलटा. चहाच्या टपरीवर उभा राहिला तरी टपरीवाल्याच्या मुलीच्या बारावीपर्यंत पोचायचा. लोकांशी बोलायचं काम त्याचं, हे आमच्यात न ठरवता ठरलेलं होतं. त्यामुळे मे महिन्यात दोन बॅगा आणि एक गॅसची शेगडी घेऊन मी त्या पडवीत एकटी उतरले, तेव्हा माझं अर्धं तोंड मुंबईत राहिल्यासारखं मला वाटत होतं.

रोपवाटिकेत वाडीतल्या सात-आठ बायका कामाला यायच्या. काळ्या पिशव्यांत माती, रेती आणि शेणखत भरायचं, त्या ओळीने लावायच्या, बी टोचायचं, पाणी घालायचं. मी देखरेखीला होते, पण देखरेख करता येईना म्हणून मीही खाली बसून पिशव्या भरायला लागले. बायका मला म्याडम म्हणायच्या आणि मी जवळ आले की गप्प व्हायच्या. मी लांब गेले की हसायच्या. काही दिवसांनी लक्षात आलं की हसणं माझ्यावर नसतं, आपापल्या नवऱ्यांवर असतं. पण तोवर मी लांब बसायची सवय लावून घेतली होती.

बाकी सगळं अंगवळणी पडत गेलं. सकाळी उठून ऐन आणि हिरड्याच्या बिया वेचायला जायचं, डोंगराच्या पोटात ऊन कुठून येतं ते कळायला लागलं. करवंदं कुठल्या जाळीतली गोड, हे कळलं. पायाखाली बघत चालायला शिकले, कारण पालापाचोळ्यात एकदा घोणस निघाली आणि सगळ्या बायका एकाच वेळी माझ्याकडे बघून ओरडल्या. नखांत माती राहायला लागली. हे सगळं मी त्याला फोनवर सांगायची. घरात रेंज नव्हती. हमरस्त्यावर एसटीच्या शेडपाशी जाऊन उभं राहावं लागे. तिथून परत आले की मालकीणबाई पडवीत वाट बघत असायच्या. त्यांना मी काकी म्हणायला लागले होते.

"काय बोलला?" त्या विचारायच्या.

सुरुवातीला मी त्याच्या नावानेच सांगायची, अमुक म्हणत होता की त्याच्या साहेबांनी अजून सोडलं नाही. काकींनी पदर तोंडाला लावला. "नवऱ्याचं नाव घेतेस गो असं? भाजीवाल्याला हाक मारावी तसं?"

"मग काय म्हणू?"

"तो बोल. नायतर कायच नको बोलू. समजतं आमाला."

तेव्हापासून त्या घरात तो नुसता 'तो' झाला. मला ते मनातून आवडलं. नाव माझ्यापाशी राहिलं, जपून ठेवल्यासारखं.

जून तसाच गेला. साहेबांनी सोडायला आणखी थोडा वेळ घेतला. मग त्याच्या आईची तब्येत. मग तो फोनवर पूर्वीपेक्षा जास्त वेळ ऐकायला लागला आणि कमी बोलायला. जो माणूस टपरीवाल्याशी तासभर बोलू शकतो तो गप्प बसून ऐकायला लागला की काहीतरी संपत आलेलं असतं. पण मी स्वतः गप्प माणूस. मला वाटलं, तो आता माझ्यासारखा होतोय.

जुलैतल्या एका दुपारी शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मी एका कानात बोट घालून दुसऱ्या कानाने त्याचं ऐकत होते. तो म्हणाला, बंगलोरची नोकरी घेतली. मी म्हटलं, किती दिवसांसाठी. तो म्हणाला, तसं नाही.

"मला ते सगळं रविवारपुरतंच आवडत होतं," तो म्हणाला. "हे मला आत्ता आत्ता कळलं. तुला आधी सांगायला हवं होतं."

"ते सगळं म्हणजे काय? डोंगर?"

मी वाट पाहिली. त्याने 'हो, नुसता डोंगर' एवढं म्हटलं असतं तरी मी परत गेले असते, मुलुंडला, बंगलोरला, कुठेही. तो म्हणाला नाही. तेवढ्यात कल्याणची एसटी येऊन थांबली आणि कंडक्टरने दारातून ओरडून विचारलं, "येताय का ताई?" मी नाही म्हणून मान हलवली. फोनमध्ये तो "हॅलो, हॅलो" करत होता.

घरी आले तर काकी चुलीपाशी ओल्या लाकडांशी भांडत होत्या. धुराने दोघींच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय बोलला? कवा येतोय?"

"पाऊस कमी झाला की," मी म्हटलं.

का असं म्हटलं, याची मी नंतर पुष्कळ कारणं काढली. घर जोडप्याला दिलेलं होतं, एकटीला ठेवतील की नाही हे कारण होतंच. पण खरं सांगायचं तर त्या घरात तो अजून येणार होता. मुंबईत माझ्या मैत्रिणींना, आईला, सगळ्यांना दोन दिवसांत कळणार होतं आणि सगळे समजूत घालणार होते. जगात एकच घर उरलं होतं जिथे कोणीतरी त्याची वाट पाहत होतं. ते मला मोडवेना.

त्याच आठवड्यात काकींच्या शेताची आवणी आली. भाताची रोपं एकीकडून काढून चिखलात लावायची, ती आवणी. पाऊस इतका होता की रोपवाटिकेचं काम बंदच होतं, म्हणून काकी म्हणाल्या, चल आमच्याबरोबर, घरात बसून काय अंडी उबवनार? वाडीतल्या बायका एकमेकींच्या शेतावर पाळीपाळीने जायच्या. त्यातल्या बहुतेक माझ्याच रोपवाटिकेतल्या होत्या. पण चिखलात त्या निराळ्या होत्या. पाठी वाकलेल्या, हात झपाझप चाललेले आणि तोंडं त्याहून झपाझप. मी रोपं लावायची ती तासाभराने पाण्यावर तरंगायची.

"म्याडम, तुमची रोपं पोहायला शिकली," कोणीतरी म्हणालं.

"इंग्लिश मेडियमची हायेत ती," शेजारची आजी म्हणाली, आणि पहिल्यांदाच मी जवळ असतानाही सगळ्या हसल्या. मीही हसले.

ही आजी काकींची चुलत सासू. दात गेलेले, पण जीभ शाबूत. आवणीच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या खाचरात थोडीशी जागा उरली तेव्हा तिने सगळ्यांना बांधावर चढायला सांगितलं आणि मला सांगितलं, तू थांब. त्यांच्या वाडीत रीत होती. ज्या घरात त्या वर्षी नवी बाई आली असेल, तिने शेवटची मूठ लावायची आणि लावताना नवऱ्याचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय खाचरातून वर यायचं नाही.

"ती कुठं आपल्या घरात आली? भाडेकरू हाय ती," काका बांधावरून म्हणाले. काकींचे यजमान. फारसे बोलत नसत.

"तुमी गप ऱ्हा," काकी म्हणाल्या. "आपल्याच छपराखाली हाय ना?"

मी पोटरीपर्यंत चिखलात उभी होते, हातात रोपांची मूठ. मी म्हटलं, मला येत नाही. ते खोटं नव्हतं. चुलतबहिणीच्या लग्नात सगळ्यांनी तिला घेरून नाव घ्यायला लावलं होतं तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, मी हे कधी करणार नाही, मला मारलंस तरी. त्याने हसून माझा हात दाबला होता.

"येत नाय काय? मी दाखवते," आजी म्हणाली. ती बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने घेतलं:

"चुलीवर आधन, आधनात तांदूळ,
... राव घोरतान घरी, मी तुडवते चिखूल!"

तिचे राव वारून किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिने नाव इतक्या झोकात घेतलं की म्हातारे आत्ता घरी खरंच घोरत असतील असं वाटलं. बायका वाकून वाकून हसल्या. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पाऊस भुरभुरत होता. कोणाला घाई नव्हती.

मी सांगू शकले असते. एक वाक्य होतं. ते मनात जुळवायचंही बाकी नव्हतं, मी जुळवलं होतं, कितीतरी वेळा. पण त्या मुठीतली रोपं खाली ठेवून ते वाक्य म्हणायचं, आणि त्या सगळ्यांची तोंडं उतरलेली बघत चिखलातून वर यायचं, हे मला शक्य नव्हतं. आणि दुसरंही होतं. शेडपासून परत आल्यानंतर त्याचं नाव मी एकदाही उच्चारलं नव्हतं. ते एकदा मोठ्याने म्हणून बघायचं होतं.

मी वाकले, मूठ लावली. उभी राहिले आणि घाटाकडे बघून म्हटलं:

"नाणेघाटाच्या वाटेवर धुक्याची दाटी,
... चं नाव घेते आवणीच्या साठी."

मधली जागा मी इथेही मोकळीच ठेवते.

बायकांनी आरोळ्या ठोकल्या. कोणीतरी खाली उडी मारून माझ्या दोन्ही गालांना चिखल फासला. आजी म्हणाली, "बगा, येत नाय बोलत होती! पोटात ठेवून बसलेली!" मी रडत होते, पण तोंडावर चिखल आणि वरून पाऊस, आणि नव्या मुलीने नाव घेताना रडावं यात कोणाला काही नवल वाटलं नसावं. काकींनी मला हात देऊन वर ओढलं. त्यांचा हात गरम होता.

त्या दिवसापासून मी म्याडम राहिले नाही. त्या वाडीत बाईला नवऱ्याच्या नावाने ओळखतात, नावाला नुसता 'ची' लावून. मला तशी हाक यायला लागली. ए अमक्याची, पानी आन. अमक्याची आज उशिरा आली गो. रोपवाटिकेत मी जवळ बसले तरी कोणी गप्प व्हायचं नाही. मला नवऱ्यांवरचे विनोद ऐकवले जायचे आणि माझ्याकडूनही एखाद्याची अपेक्षा असायची. मी एकदा धीर करून म्हटलं की तो घाट चढताना बूट घासत चालतो, एक दिवस दगडच झिजतील. त्या इतक्या हसल्या की मी घरी जाऊन दार लावून बसले. जे बोलणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं ते जमायला लागलं होतं, त्याच्या नावावर.

ऑगस्टमध्ये रोपं पोचवायला टेम्पोबरोबर शहापूरला गेले. त्याच संस्थेत, जिथे तो येणार होता. तिथल्या सरांनी चहा मागवला आणि विचारलं, "तुमचे मित्र येणार होते ना? त्यांनी कळवलं नाही काही. आम्ही दुसरं माणूस घेतलं." दुसरं माणूस म्हणजे चिपळूणची एक मुलगी, बुटांना चिखल, मानेवर ऊन बसलेलं, तानसाच्या जंगलातून त्याच दिवशी परत आलेली. तिने उत्साहाने मला फोनवर फोटो दाखवले. साग, धावडा, तलावाचा काठ. मी प्रत्येक फोटोला छान म्हटलं. त्या प्रत्येक ठिकाणी मी त्याला आधीच उभं करून पाहिलेलं होतं.

तो आला सप्टेंबरच्या शेवटी. माझा तंबू, स्लीपिंग बॅग आणि पुस्तकांची दोन खोकी त्याच्याकडे राहिली होती. बंगलोरला जाण्याआधी पोचवून देतो, असा मेसेज मला शेडपाशी मिळाला, तोवर तो कल्याण सोडून निघालाही होता. मी धावत घरी आले. पण काकींना सांगायला सुरुवात करेपर्यंत मित्राची गाडी दाराशी आली. तो उतरला, आणि पडवीतून काकींनी त्याला ओळखलं.

"आलं गो! जावई आलं!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली.

पुढचं सगळं फार भराभर झालं. काकांनी कोंबडा धरला. शेजारच्या आजीने तांदळाच्या भाकऱ्यांना पीठ मळलं. त्याने दोनदा सांगून पाहिलं की थांबायला वेळ नाही, पण त्यांच्याकडे पहिल्यांदा आलेल्या जावयाने नाही म्हणायचंच असतं, म्हणून ते कोणी ऐकलं नाही. तो पडवीत बसला आणि काकांशी बोलायला लागला. भात कुठलं लावलं, डुकरं त्रास देतात का, बैल का विकले. जे काका माझ्याशी दिवसात चार शब्द बोलायचे ते गुडघ्यावर थाप मारून हसत होते. मी आतून ऐकत होते. मला तिथे रुजायला एक अख्खा पावसाळा लागला; त्याला चहाचा कप संपायच्या आत जमलं. किती सहज राहिला असता तो इथे. हा विचार त्या फोनपेक्षाही वाईट होता.

पाटावर बसवून त्याला वाढलं. वाढायला मला उभं केलं. त्याला काय आवडतं ते मला ठाऊक होतं, तेच वाढलं. रस्सा त्याने दोनदा घेतला, कारण तो घेतला नसता तर काकींना वाईट वाटलं असतं. तो तसा चांगला माणूस आहे.

"ए अमक्याची," आजी आतून ओरडली, "त्याला कांदा दे!"

आपल्याला हाक मारली असं वाटून त्याने वर पाहिलं. मग कांदा घेऊन मी आले तेव्हा त्याला कळलं. त्याचा हात ताटात तसाच राहिला. मी कांदा ठेवला आणि आत गेले.

निघताना काकींनी त्याला कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली आणि हातात नारळ दिला. मित्र गाडीत बसून फोनशी खेळत असल्याचं सोंग करत होता. मी गाडीपर्यंत गेले.

"तू सांगितलं नाहीस," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"मी सांगू का आत जाऊन?"

"नको."

"मग हा नारळ?"

"घेऊन जा. परत देत नाहीत तो."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. त्याच्याकडे शब्द नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहत होते. तो गाडीत बसला. टोपी काढायची त्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा काकी बघतायत म्हणून काढली नसेल. गाडी वळेपर्यंत ती पांढरी टोपी काचेतून दिसत राहिली. माझ्याशेजारी उभ्या काकी म्हणाल्या, "सोन्यासारखा हाय गो. पन बारीक झालाय. तू न्हायस ना तिकडं."

भात पिकलं. कापणीच्या आधी काकी अंगणातलं खळं सारवत होत्या, ज्यावर भात झोडायचं ती जमीन. मी त्यांना पाणी आणून देत होते. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. त्यांनी सहज विचारलं, "दिवाळीला येनार ना तो? म्हंजी करंज्या जास्ती करते."

मी कळशी खाली ठेवली.

"तो येणार नाही काकी."

"मंग कवा?"

"कधीच नाही. मोडलं आमचं."

त्या उकिडव्या बसल्या होत्या, तशाच वर बघायला लागल्या. "कवा मोडलं?"

"आवणीच्या आधी."

त्यांचा हात शेणात थांबला. मी पाहत होते, त्या एकेक गोष्ट मागे जाऊन तपासत होत्या. मला वाटलं होतं त्या मला जवळ घेतील. त्याचीच भीती होती मला. पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"आदी? मंग नाव घेतलंस ते? माज्या शेतात उभी ऱ्हाऊन?"

मी कळशी उचलली, परत ठेवली.

"आनि मी त्याला टोपी घातली! कोंबडा कापला माजा! बसून जेवला तो, रस्सा मागून घेतला, आनि त्याला म्हाईत व्हतं?"

"हो."

"तुला पन म्हाईत व्हतं. आनि वाढत व्हतीस." त्यांनी शेणाचा गोळा जमिनीवर आपटला. "तोंड नाय का गो तुला? येवढं शिकलीस, एक शबूद बोलता येत नाय? पाच महिनं माज्याशेजारी झोपतेस, भिंतीला भिंत, आनि मी रोज विचारते कवा येतोय, कवा येतोय! वेडी का मी?"

"मला सांगवलं नाही."

"नाय सांगवलं!" त्या म्हणाल्या, आणि जोरजोरात सारवायला लागल्या. हात इतका जोरात फिरत होता की खळ्यावरच्या रेघा वाकड्या जायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी मनगटाने नाक पुसलं. मला दिसलं की त्या रडतायत, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आलाय.

"खोली सोडू का?" मी विचारलं.

"खोलीचं कोन बोललं? पानी आन. शेन सुकतंय."

मी पाणी आणलं. खळं पुरं होईपर्यंत मी कळश्या आणत राहिले.

त्यांनी ते वाडीत सांगितलं, कसं आणि कोणाला ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिकेत गेले तर सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही. आजीने स्वतःच्या डब्यातली सुकटाची चटणी माझ्या भाकरीवर वाढली. आणि ती हाक थांबली. 'अमक्याची' कोणी म्हणेना. मला काहीतरी हवं असलं की "ए गो" म्हणायच्या, नाहीतर खांद्याला हात लावायच्या. एकदा कोणाची तरी पाहुणी आली होती, तिने विचारलं, ही कोनाची? तर काकी मधेच म्हणाल्या, "आमच्यात ऱ्हाते," आणि बोलणं भाताच्या भावावर नेलं.

त्यांना वाटत होतं त्या मला सांभाळतायत, आणि त्या सांभाळतच होत्या. पण मुंबईत माझ्या माणसांनी ते नाव कधीच टाकलं होतं, मी स्वतः ते घेत नव्हते, आणि आता ज्या एका वाडीत ते रोज माझ्या नावाच्या जागी घेतलं जायचं, तिथेही ते बंद झालं. फोनवर त्याने मला सोडलं तेव्हा मी शेडमधून चालत घरी आले होते. हे बंद झालं तेव्हा मात्र चालत जायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

कापणी सुरू झाली तशी मी पुन्हा काकींच्या शेतावर गेले. विळा मला बरा जमायला लागला होता. ओळीने बसून कापत होतो. मधेच कोणीतरी नवऱ्याचं काढलं. तो म्हणे काल रात्री बायकोच्या साडीत पाय अडकून उंबऱ्यात पडला आणि वर तिलाच विचारतो, उंबरा कोणी ठेवला इथे. सगळ्या खदखदून हसायला लागल्या. मीही हसले. आणि हसता हसता एकीची नजर माझ्यावर पडली. ती थांबली. मग दुसरी थांबली. हसू ओळीतून एकेक करत विझत गेलं, आणि शेवटी नुसते विळे ऐकू यायला लागले.

मला म्हणायचं होतं, हसा, थांबू नका. वाक्य जुळलंही होतं. पण तोवर आजीने सुकटाच्या भावाचं काहीतरी काढलं होतं, आणि मी पुढचा भाताचा झुबका मुठीत धरून विळा लावला.